कानाचा वाटा

जर्दाळू वाळत घातले की मलात्यातली आमची गल्ली
वरून नारिंगी दिसते.
मुकद्देसचं छप्पर माझ्या छपराला लागून,
मध्ये गुडघाभर भिंत,
आणि भिंतीवर वाडगा ठेवायची जागा,
झिजून झिजून गुळगुळीत.

तिच्याकडे कांदा परतला की वास माझ्याकडे येतो
आणि वासामागोमाग वाडगा.
"डोळ्याचा वाटा," म्हणते ती.
रीतच आहे इथली: ज्यानं पाहिलं,
ज्याच्या नाकाशी गेलं, त्याचा त्यात घास.
पोटुशी असेल तर दोन.

पाहिलं आणि वाटलं, मलाही हवं,
याला आमच्यात साधा शब्द आहे, इम्रेन्मेक.
शेजारच्या पोराच्या हातातल्या तिळाच्या पावाकडे
पोर बघतं, तेवढाच.
त्या शब्दाला नखं फुटलेली नसतात.
दुसरा शाळेतला, इस्त्री केलेला: गिप्ता.
तुझं तुला लखलाभ, मलाही तसंच मिळो.
बाई म्हणायच्या, निबंधात हाच लिहा.
तिसरा आई उच्चारायचीच नाही.
हासेत.
अगदीच वेळ आली तर आधी कानाची पाळी ओढायची,
मग लाकडावर टकटक,
जणू आत कुणी झोपलंय
आणि ते जागं आहे का, हे बघायचंय.

मला मुकद्देसचं काही नको.
बाग नको, हप्त्यावरचा ट्रॅक्टर नको,
दिवसभर कण्हणारा नवरा तर नकोच नको.
रोज संध्याकाळी सातला
डुइसबुर्गहून इल्कनूरचा फोन येतो.
तेवढा.

"आई, मीठ किती घालू?"
एवढंच विचारते ती पोर.
सहा वर्षं झाली जाऊन,
अजून तिला मीठ कळत नाही.
भिंतीपलीकडे हसू फुटतं,
आणि मी बी काढून झालेला जर्दाळू
पुन्हा उघडून बघते.

माझा तुर्गाय इझमिरला. त्याला मीठ कळतं.
त्याला सगळंच कळतं.
ईदला फोन करतो, "ठीक ना?" विचारतो,
आणि मी तोंड उघडायच्या आत
"बरं मग," म्हणतो.

मुकद्देसच्या दारावर निळा मणी आहे,
वाईट डोळ्यासाठी.
कानांचा बंदोबस्त कुणी केलेला नाही.

परवा सात वाजता मी खोकले.
खोटं नाही, गंधकाची धुरी दिली होती त्या दिवशी.
तर मुकद्देसनं फोनच आणून भिंतीवर ठेवला,
वाडग्याच्या जागेवर.
"बोल गं शाझिये मावशीशी."
"मावशी, तुम्ही किती घालता मीठ?"

चिमूटभर, म्हटलं.
मग म्हटलं, पण चिमूट कुणाची त्यावर आहे.
ती हसली. मला हसली.
अर्ध्या घासानं भूक खवळावी
तसं पोटात काहीतरी उठून बसलं,
आणि तिन्ही शब्द लावून पाहिले,
एकही अंगाला बसेना.

फोन परत दिला. रिकामाच.
रिकामं भांडं परत द्यायचं नसतं.

झोप आली नाही. वाडगा घेतला, बियांची पोती सोडली.
आमच्या झाडाच्या गोड, ओढ्याकाठच्या रानझाडाच्या कडू;
एरवी वेगवेगळ्या ठेवते, पोत्यावर खूण करून.
त्या रात्री दोन्हींत हात घातला.
उजाडायच्या आत वाडगा भिंतीवर ठेवून आले.

दुपारी पलीकडून दगडाचा आवाज आला.
एक बी फुटली. जरा थांबून दुसरी.
मग बराच वेळ काहीच नाही.
मी हातातलं काम तसंच धरून
भिंतीला कान देऊन बसले.